हळव्या द्राक्षाचे माहेर

भातात हळव्या आणि गरव्या जाती असतात, तशा त्या द्राक्षातही असतात. इटलीच्या बुटाच्या टाचेवर पुलिया प्रांत आहे. तिथल्या जोया देल कोल्ले गावी इंदेल्लिकाती नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस इतरांआधी पिकणारी एक काळी द्राक्षवेल निवडून लावली. तिचे नाव पडले प्रिमितीवो, म्हणजे हळवीच. तिची गडद, कडक वाइन पुढे बराच काळ उत्तरेकडच्या फिक्या वाइनमध्ये मिसळायला जात असे. अशा मिसळणीच्या मालाचे कूळ कोण विचारणार?

१९६७ साली ऑस्टिन गोहीन हे कॅलिफोर्नियातील वनस्पतिरोगतज्ज्ञ पुलियात आले. तिथली वाइन चाखून त्यांना आपल्याकडच्या झिनफँडेलची आठवण झाली. झिनफँडेल ही कॅलिफोर्नियाची अगदी स्वतःची जात मानली जाई. गोहीन यांनी बागेत जाऊन पाहिले, तर वेलीही तशाच!

पण दिसण्यावरून जात सिद्ध होत नाही. द्राक्षवेल उसासारखी कांडी लावून वाढवतात, त्यामुळे एका जातीच्या सगळ्या वेलींचा डी.एन.ए. जवळजवळ एकच असतो. १९९० नंतर कॅरोल मेरेडिथ यांनी ते ठसे ताडून पाहिले. जात एकच निघाली.

मग माहेर कुठले? एड्रियाटिक समुद्रापलीकडे, क्रोएशियात प्लावाक माली नावाची मिळतीजुळती जात आहे. १९९८ मध्ये मेरेडिथ तिथे गेल्या. इव्हान पेयिच व एदी मालेतिच या स्थानिक शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी नमुने गोळा केले. प्लावाक माली ही आपल्या झिनफँडेलची लेक ठरली, आई नव्हे. अखेर २००१ मध्ये स्प्लिटजवळच्या काश्तेल नोवी येथे हुबेहूब जुळणारी वेल सापडली. तिथे तिच्या मोजक्याच वेली उरल्या होत्या. त्या बागेत कोणी नवी लागवड केली असती, तर त्या वेलीही गेल्या असत्या.

क्रोएशियातील पंधराव्या शतकापासूनच्या कागदपत्रांत त्रिबिद्राग या द्राक्षाचा उल्लेख येतो. ते हेच का? कागदावरचे नाव काही पान दाखवत नाही. मात्र २०११ च्या सुमारे ९० वर्षे आधी कोणीतरी त्रिबिद्रागची पाने वाळवून, नाव लिहून जपली होती. (आपल्या शाळेतील वाळक्या पानांच्या वह्यांवरही गाव आणि तारीख आहे का, पाहावे.) त्या पानांतला डी.एन.ए. २०११ मध्ये जुळला. अभ्यासकांच्या मते त्रिबिद्राग हे नाव ग्रीकमधून आले, आणि त्याचाही अर्थ लवकर पिकणारे असाच आहे.