टोचलेले इन्सुलिन आणि शरीरातले इन्सुलिन

रक्त तपासायला गेलो की विचारले जाते, "कोणती औषधे चालू आहेत?" हा प्रश्न आपल्याला औपचारिक वाटतो. पण रक्तात गेलेले औषध तपासणीच्या उत्तरातही शिरू शकते. इन्सुलिनच्या बाबतीत हे कसे उलगडत गेले, ते पाहू.

कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनचा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये तिथेच मधुमेही रुग्णाला इन्सुलिन प्रथम टोचले गेले. पुढे अनेक दशके गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर रुग्ण जगले. ते माणसाच्या इन्सुलिनपेक्षा किंचित वेगळे असते. तरीही इतक्या छोट्या प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिद्रव्ये बनवणार नाही, असा समज होता.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यालो आणि डॉक्टर सॉलोमन बर्सन हे दोघे वेगळाच प्रश्न सोडवत होते. प्रौढ मधुमेहींच्या शरीरात इन्सुलिन फार लवकर नष्ट होते का? त्यांनी किरणोत्सारी आयोडिनची खूण लावलेले इन्सुलिन टोचून पाहिले. काही रुग्णांच्या रक्तात ते उलट जास्त वेळ टिकले. हे सगळे पूर्वी इन्सुलिन घेतलेले रुग्ण होते. त्यांत मानसिक आजारासाठी इन्सुलिन दिलेले, मधुमेह नसलेले रुग्णही होते. म्हणजे कारण रोगात नव्हते, औषधात होते! औषधाविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये इन्सुलिनला धरून ठेवत होती.

तज्ज्ञांना हे पटेना. एका नियतकालिकाने लेख परत केला. दुसऱ्याने तो १९५६ साली छापला, पण शीर्षकातून 'प्रतिद्रव्य' हा शब्द काढायला लावून.

या दोघांनी मग त्याच अडचणीचे साधन केले. प्रतिद्रव्ये मोजकीच ठेवली, तर खुणेचे इन्सुलिन आणि रक्तातले इन्सुलिन त्यांच्यावरच्या जागांसाठी स्पर्धा करतात. रक्तात इन्सुलिन जितके जास्त, तितके खुणेचे इन्सुलिन बाहेर राहते. त्यावरून रक्तातील अत्यल्प इन्सुलिनही मोजता येऊ लागले. यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ सालीच वारले होते.

मात्र इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचे काय? त्याच्या रक्तात टोचलेले इन्सुलिन असते, शिवाय प्रतिद्रव्येही. मग त्याचे स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवते, हे कसे कळणार? इंजेक्शन चालू ठेवायचे की नाही, हे ठरवताना डॉक्टरांना हेच तर हवे असते. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांच्या १९६७ सालच्या शोधाने वाट सापडली. स्वादुपिंडात आधी एक लांब साखळी बनते. ती तुटून इन्सुलिन व 'सी-पेप्टाइड' हा तुकडा सारख्याच संख्येने बाहेर पडतात. इंजेक्शनमध्ये हा तुकडा नसतो. म्हणून सी-पेप्टाइड मोजले की स्वादुपिंडाच्या कामाचा अंदाज येतो.

आज इन्सुलिन मुख्यतः सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतात. त्याच्या काही प्रकारांची रचना मुद्दाम बदललेली असते. इन्सुलिन मोजणाऱ्या काही चाचण्या हे प्रकार ओळखतात, काही ओळखत नाहीत. स्वादुपिंडाला चालना देणाऱ्या गोळ्यांनी तर इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही वाढतात. तेव्हा अहवालातला आकडा वाचताना दोन गोष्टी विचारायच्या: मोजले काय, आणि रुग्ण घेत काय होता? विद्यार्थ्यांनाही कोणत्याही मापनाबाबत हे विचारण्याची सवय लावता येईल.