भायखळ्याचा हत्ती आणि ‘आहे’चा गुंता

भायखळ्याला राणीच्या बागेशी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला हत्तीचे नाव दिले आणि पुढे ‘एलिफंटा’ रूढ झाले. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोके कोसळले. १८६४ मध्ये त्याचे अवशेष भायखळ्याला आणले गेले आणि १९१४ मध्ये तुकडे जुळवून तो पुन्हा उभा करण्यात आला.

शेजारच्या बागेत मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी जिवंत हत्तीही पाहिले. लहान मूल दोघांकडेही बोट दाखवून ‘हत्ती’ म्हणते आणि त्याला कोणी चूक म्हणत नाही. मात्र दगडी हत्तीला केळे भरवायला ते मूल जात नाही. हा विवेक यंत्राला कसा द्यायचा, याचा इतिहास सुमारे सत्तर वर्षांचा आहे.

संगणकशास्त्रात ज्ञान मांडण्याची एक रीत ‘सिमँटिक नेटवर्क’ या नावाने ओळखली जाते. आपण तिला अर्थजाल म्हणू. संकल्पना म्हणजे जाळ्यातल्या गाठी आणि त्यांच्यातले संबंध म्हणजे धागे. केंब्रिजमध्ये रिचर्ड रिचेन्स यांनी १९५६ मध्ये यांत्रिक भाषांतरासाठी अशी कल्पना मांडली. अमेरिकेत रॉस क्विलियन यांनी १९६६ च्या प्रबंधात तिला स्मृतीच्या प्रतिमानाचे रूप दिले. तिचे मोठे बळ वारशात आहे. ‘हत्ती सस्तन प्राणी आहे’ एवढे एकदा नोंदवले, की ‘सस्तन पिलांना दूध पाजतात’ हे हत्तीसाठी वेगळे लिहावे लागत नाही. वरच्या गाठीचे गुण खाली उतरतात.

अपवाद आला की हा वारसा अडखळतो. अभ्यासकांच्या लेखनात ‘क्लाईड’ नावाचा एक काल्पनिक हत्ती वारंवार भेटतो. हत्ती करडे असतात, क्लाईड हत्ती आहे, म्हणून क्लाईड करडा. पण क्लाईड राजेशाही हत्ती असेल आणि राजेशाही हत्ती करडे नसतील तर? कुठला वारसा खरा मानायचा, यावर १९८० च्या दशकात बराच खल झाला.

खरी अडचण त्याच्याही आधीची होती. १९७५ मध्ये विल्यम वुड्स यांनी विचारले, की या जाळ्यातल्या धाग्याचा अर्थ नेमका काय? १९८३ मध्ये रॉन ब्रॅकमन यांनी दाखवले, की ‘अमुक तमुक आहे’ या एकाच धाग्याने संशोधक अनेक वेगवेगळे संबंध जोडत होते. मराठीत हा गुंता चटकन कळतो. ‘गजराज हत्ती आहे’ यात व्यक्ती आणि तिची जात येते. ‘हत्ती सस्तन प्राणी आहे’ यात लहान वर्ग मोठ्या वर्गात बसतो. ‘हत्ती करडा आहे’ हा गुण, ‘हत्ती भायखळ्याला आहे’ हे ठिकाण, ‘हत्तीला सोंड आहे’ हा अवयव. आणि संग्रहालयाच्या आवारात ‘हा हत्ती आहे’ म्हणताना आपण शिल्पाविषयी बोलतो. सर्वांसाठी एकच धागा वापरला, तर यंत्राच्या हिशेबी दगडी हत्तीही चारा खाईल.

संबंधांची ही चिकित्सा आपल्याकडे जुनी आहे. वैशेषिकांनी संयोग आणि समवाय वेगळे मानले. हत्ती आणि चौथरा यांचा संयोग तुटू शकतो. दगड आणि त्याचा रंग यांचा समवाय तसा सोडवता येत नाही. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज यांनी ‘एआय मॅगझिन’मधील लेखात अर्थजाले आणि संस्कृत वैयाकरणांचे वाक्यविश्लेषण यांची तुलना केली. त्यावरून ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा’ अशी आवई उठली. लेखाचा रोख मात्र वाक्यातले संबंध निःसंदिग्ध सांगणाऱ्या शास्त्रीय शैलीवर होता.

मराठीचे अर्थजाल मुंबईतच विणले गेले. प्रिन्स्टनमध्ये जॉर्ज मिलर यांनी १९८५ मध्ये इंग्रजी वर्डनेटचे काम सुरू केले. त्याच्या धर्तीवर पवईच्या आयआयटीत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी आणि मराठी वर्डनेट तयार झाले. त्यात एका अर्थाच्या शब्दांचा एक गट असतो आणि गटागटांत ‘प्रकार’, ‘भाग’, ‘विरुद्ध’ असे नाव दिलेले धागे असतात. मराठीचे काम मुख्यतः हिंदीच्या आधाराने झाले: आधी हिंदीतली संकल्पना, मग तिच्यासाठी मराठी शब्द. याने श्रम वाचतात, तयार धागे मिळतात. पण दुसऱ्या भाषेच्या गाठींवरून निघाले, की जी गाठ तिथे नाही ती आपल्याकडे आहे, हे मुद्दाम शोधावे लागते.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली. भायखळ्याशी नाव जोडलेला हा छापखाना. त्याच सुमारास, १८५६ मध्ये, जवळच ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी चालू झाली. तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनी शब्दांना नवे अर्थ दिले. कुंभाराचा साचा वेगळा आणि गिरणगावातला ‘साचा’ म्हणजे कापड विणणारा यंत्रमाग वेगळा. सरकारी नोकराची बदली होते. गिरणीत मात्र माणूसच ‘बदली’ असे, गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता उभा राहणारा. या ‘बदली’चा धागा रोजंदारीशी, पाळीशी, सकाळी गिरणीच्या फाटकावर ताटकळण्याशी जोडलेला आहे. तो कोणत्याही दुसऱ्या भाषेच्या जाळ्यातून उसना मिळणार नाही.

आजची यंत्रे प्रचंड मजकुरातून असे संबंध स्वतःच टिपतात. पण जे लिहिलेच गेले नाही ते ती टिपणार कशी? गिरण्या गेल्या, ‘साचा’ आणि ‘बदली’ रोज उच्चारणारी माणसे वयाच्या उतरणीला लागली आहेत. घारापुरीच्या हत्तीचे तुकडे होते, म्हणून ते पुन्हा जुळवता आले. शब्दांचे अर्थ सांगणारी माणसे आहेत, तोवरच त्यांच्याकडून धागे विचारून घ्यायला हवेत.