निरोगी उंदराचं रक्त

मोकाट फिरणाऱ्या उंदराच्या रक्तात किती पांढऱ्या पेशी असल्या, तर त्याला 'निरोगी' म्हणायचं? आमच्या कामात हा प्रश्न रोज आडवा येतो. तसा तो जुनाच आहे. १८७८ च्या सुमारास कलकत्त्यात डॉ. टिमथी लुईस उंदरांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. लाल पेशींच्या गर्दीत त्यांना वळवळणारे परजीवी दिसले. गंमत म्हणजे उंदीर वरून ठणठणीत! पुढे त्या परजीवीला त्यांचंच नाव मिळालं: ट्रिपॅनोसोमा लुईसी.

म्हणूनच प्रयोगशाळेत पोसलेल्या पांढऱ्या उंदराचे आकडे रानउंदराला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यात पिंजऱ्यात अडकल्याच्या भीतीनेही रक्तातली साखर वाढते. मग आपण मोजतोय ती तब्येत की घाबरगुंडी, हे आधी तपासायला हवं.