तीन नद्यांच्या काठचे तहानलेले शहर

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह ही मेकाँग, तोन्ले साप आणि बासाक या नद्यांच्या संगमावर वसलेली नगरी आहे. पावसाळ्यात मेकाँगला एवढा लोंढा येतो की तोन्ले साप नदीचा प्रवाह उलटा फिरतो आणि पाणी समुद्राऐवजी वरच्या सरोवराकडे वाहू लागते. अशा शहरात पाण्याची ददात असेल असे कोणाच्या मनातही येणार नाही. परंतु १९९३ साली या शहरातल्या चार घरांपैकी जेमतेम एका घरात नळ होता, आणि त्या नळालाही दिवसाचे दहाच तास पाणी येई. त्याचा दाब इतका क्षीण असे की वरच्या मजल्यावर पाणी चढतच नसे. पंधरा वर्षांनी याच शहरात दहांपैकी नऊ घरांत चोवीस तास, थेट नळाखाली ओंजळ धरून पिता येईल असे पाणी येऊ लागले. हा बदल कसा घडला, त्यात गरिबाच्या वाट्याला काय आले आणि कोण मागे राहिले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण पाण्याचा प्रश्न म्हणजे केवळ धरणांचा आणि जलवाहिन्यांचा प्रश्न, अशी आपली एक ठाम समजूत झालेली आहे.

ओस पडलेले शहर

नॉम पेन्हमध्ये नळाचे पाणी आणले ते फ्रेंच राज्यकर्त्यांनी. १८९५ साली तेथे पहिले जलशुद्धीकरण केंद्र उभे राहिले. देश स्वतंत्र झाल्यावर १९५९ साली पाणीपुरवठ्याचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि १९६६ मध्ये फुम प्रेक येथील मोठे केंद्र सुरू झाले. शहर वाढत होते आणि त्याबरोबर पाणीही वाढत होते. पुढे मात्र देश यादवी युद्धात सापडला.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या सैनिकांनी राजधानीत प्रवेश केला आणि अवघ्या काही दिवसांत संपूर्ण शहर रिकामे केले. युद्धाला भिऊन आलेल्या निर्वासितांसह सुमारे वीस लाख माणसांना, आजारी आणि वृद्धांसकट, खेड्यांकडे हाकलण्यात आले. शिकलेला माणूस हा त्या राजवटीचा वैरी होता. डॉक्टर, शिक्षक, अभियंते मारले गेले, किंवा आपले शिक्षण लपवून शेतांत राबू लागले. जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळल्यावर माणसे शहरात परतली. जलशुद्धीकरण केंद्राची यंत्रे गंजलेली होती, जमिनीखालच्या जलवाहिन्यांचे नकाशे नाहीसे झाले होते आणि ते डोक्यात बाळगणारे जाणकार कामगारही फारसे उरले नव्हते.

पुढची चौदा वर्षे हे मंडळ कसेबसे तग धरून होते. १९९१ मध्ये पॅरिसचा शांतता करार झाला, संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली १९९३ साली निवडणुका झाल्या आणि देशाला थोडे स्थैर्य लाभले. त्या वर्षी मंडळाची अवस्था काय होती? केंद्रातून बाहेर पडणाऱ्या शंभर लिटर पाण्यातले सुमारे ७२ लिटर वाटेत गळून जाई किंवा चोरीला जाई. त्याचा पैसा मंडळाला मिळत नसे. जे बिल आकारले जाई त्याचीही निम्मी रक्कम हाती पडत नसे. २६,८८१ जोडण्यांपैकी जेमतेम ३,३९१ जोडण्यांना मीटर होते. नोंदवहीत ज्यांची नावे होती अशा कित्येक घरांत पाणी जात नव्हते, आणि ज्यांच्या घरात पाणी जात होते अशा कित्येकांची नावे नोंदवहीत नव्हती.

स्वस्त पाणी कोणासाठी?

त्या काळात नॉम पेन्हमधील नळाच्या पाण्याचा दर अत्यल्प होता. गरिबाला परवडावे म्हणून तो तसा ठेवलेला आहे, असेच कोणीही म्हटले असते. वस्तुस्थिती मात्र वेगळी होती. ज्यांच्या दारातून जलवाहिनी जात होती ते अधिकारी, लष्करातले लोक आणि व्यापारी. अल्प दराचा, किंवा मुळीच पैसे न देण्याचा, लाभ त्यांनाच मिळत होता. काहींनी जलवाहिनीला भोक पाडून जमिनीखाली टाक्या बांधल्या होत्या आणि तेथून पाणी उपसून ते विकत होते. मंडळाचे काही कर्मचारी लाच घेऊन बेकायदा जोडण्या देत होते. झोपडपट्टीतल्या बाईला मात्र हेच पाणी विक्रेत्याकडून डब्या-डब्याने, सरकारी दराच्या कित्येक पट पैसे मोजून घ्यावे लागे, आणि ते स्वच्छ असेल याची खात्री कोणीच देत नसे.

दर अल्प असल्यामुळे मंडळाजवळ पैसा नव्हता, पैसा नसल्यामुळे नवी वाहिनी टाकता येत नव्हती, आणि नवी वाहिनी नसल्यामुळे गरिबाच्या वस्तीपर्यंत पाणी पोहोचत नव्हते. गरिबांच्या नावाने ठेवलेला अल्प दर गरिबांनाच पाण्यापासून दूर ठेवत होता. आपल्याकडेही टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुटुंबाने महिन्याच्या पाण्याचा हिशेब मांडला, तर तो बंगल्यातल्या पाणीपट्टीपेक्षा जड भरेल. हा अनुभव मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकांना नवा नाही.

एक सोन चान

१९९३ साली या डबघाईला आलेल्या मंडळाची सूत्रे एक सोन चान या अभियंत्याकडे सोपवण्यात आली. (यातले ‘एक’ हे त्यांचे आडनाव, कंबोडियात आडनाव आधी येते.) १९५० साली जन्मलेल्या या माणसाने ख्मेर रूजच्या काळात आपले जवळचे आप्त गमावले होते. १९७९ नंतर नगरपालिकेच्या सेवेत साध्या कामापासून सुरुवात करून ते वर चढत आले होते.

त्यांनी पहिला हात घातला तो आपल्याच घरात. लाच घेणाऱ्यांना घरी पाठवले, आणि मनापासून काम करणाऱ्या तरुणांना जबाबदारीच्या जागा व चांगला पगार दिला. नंतर घरोघर फिरून प्रत्येक जोडणीची नोंद करण्यात आली. बेकायदा जोडणी दाखवून देणाऱ्या नागरिकाला बक्षीस आणि ती घेणाऱ्याला दंड, असा नियम झाला. मीटर बसवण्याचे काम नेटाने चालले आणि २००१ पर्यंत प्रत्येक जोडणीला मीटर बसले.

बिल सर्वांना, हा नियम कागदावर लिहिणे सोपे होते. सरकारी खाती पैसे देत नव्हती आणि बड्या लोकांना बिल मागण्याची कोणाची छाती नव्हती. सोन चान यांनी पुढे मुलाखतीत सांगितलेला एक प्रसंग बोलका आहे. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवण्यासाठी ते स्वतः गेले, तेव्हा त्या अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावले. ते परत फिरले, आणि सशस्त्र पोलीस व वृत्तपत्रांचे प्रतिनिधी बरोबर घेऊन पुन्हा त्या दारात उभे राहिले. घराचे पाणी तोडण्यात आले. काही दिवसांनी तोच अधिकारी पैसे भरायला तयार झाला. ही बातमी शहरभर पसरली, आणि सामान्य माणसाला प्रथमच वाटले की आपण भरलेल्या पैशाला काही अर्थ आहे.

१९९६ च्या डिसेंबरमध्ये सरकारने मंडळाला स्वायत्तता दिली. मालकी सरकारचीच राहिली, पण नोकरभरती, पगार आणि जमाखर्च यांचा निर्णय मंडळ स्वतः घेऊ लागले. जपान, फ्रान्स, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांच्या साह्याने जुन्या, सडलेल्या वाहिन्या बदलण्यात आल्या. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागातल्या पाण्याच्या दाबावर लक्ष ठेवण्यात येऊ लागले आणि गळती शोधणारी पथके रात्रंदिवस सज्ज राहिली. परिणामी ७२ टक्क्यांची गळती २००८ च्या सुमारास सहा टक्क्यांवर आली. युरोपातल्या अनेक जुन्या शहरांनाही हा आकडा साधलेला नाही. वाचवलेले हे पाणी म्हणजे एक नवे धरणच होते, आणि त्यासाठी एकाही गावाला आपली जमीन बुडवावी लागली नाही.

सात हजार लिटरचा हिशेब

१९९७ साली पाणीपट्टी तीन टप्प्यांत वाढवायचे ठरले. दोन टप्पे अमलात आले. वसुली इतकी सुधारली की २००१ मध्ये तिसऱ्या टप्प्याची गरजच उरली नाही. दराची रचना मात्र विचारपूर्वक केलेली होती. घरगुती वापरातल्या महिन्याच्या पहिल्या सात हजार लिटरसाठी हजार लिटरला ५५० रिएल, हा सर्वांत खालचा दर. त्यापुढे वापर वाढेल तसा दर ७७०, १,०१० आणि शेवटी १,२७० रिएलपर्यंत चढत जाई. सात हजार लिटर म्हणजे दिवसाला साधारण पंधरा हंडे. एवढ्या पाण्याचे महिन्याचे बिल ३,८५० रिएल, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने एका अमेरिकी डॉलरहूनही थोडे कमी होई. सढळ हाताने पाणी वापरणारे आणि व्यापारी ग्राहक अधिक दर देत, आणि त्यातून खालच्या दराचा भार सोसला जाई.

तरीही खरी अडचण महिन्याच्या बिलाची नव्हती. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला नडत होती ती जोडणी घेताना एकरकमी भरावी लागणारी रक्कम. रोज थोडे थोडे पैसे विक्रेत्याला देता येतात. पाणी घरात आणायला लागणारा पैसा एकदम उभा करता येत नाही. म्हणून मंडळाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ही रक्कम मासिक हप्त्यांनी फेडण्याची सोय. दुसरी म्हणजे घरोघर पाहणी करून, वस्तीतल्या प्रतिनिधींना विचारून, कुटुंबाच्या परिस्थितीप्रमाणे जोडणीच्या खर्चात ३०, ५०, ७० किंवा पूर्ण १०० टक्के सवलत. १९९९ मध्ये अशा जोडण्या नाममात्र होत्या. २००८ पर्यंत त्यांची संख्या पंधरा हजारांपलीकडे गेली. पाणी विकणाऱ्यांचा धंदा या वस्त्यांतून आपोआप उठला.

येथे सवलत कशावर दिली, हे ध्यानात घ्यायला हवे. पाणी फुकट दिले गेले नाही. गरीब कुटुंबही आपले बिल भरत होते. सवलत होती ती उंबरठा ओलांडण्यासाठी. एकदा उंबरठा ओलांडल्यावर ते कुटुंब मंडळाचे ग्राहक झाले. नावनोंदणी झालेला, बिल हातात असलेला माणूस तक्रार करू शकतो, हक्काने जाब विचारू शकतो. विक्रेत्याच्या दारात डबा घेऊन उभ्या राहणाऱ्याला तो अधिकार नसतो.

जे मागे राहिले

या यशाची जगाने दखल घेतली. आचार्य विनोबा आणि बाबा आमटे यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले रेमन मॅगसेसे पारितोषिक २००६ साली सोन चान यांना मिळाले, आणि २०१० साली मंडळाला स्टॉकहोमचा जलउद्योग पुरस्कार लाभला. २०१२ मध्ये कंबोडियाच्या शेअर बाजारात नोंदवली गेलेली पहिली संस्था होण्याचा मानही या मंडळाला मिळाला.

तथापि कहाणी येथे संपवली तर ती अर्धीच राहील. नळ घराला मिळतो. ज्याच्या घराचाच भरवसा नाही त्याचे काय? त्याच २००६ सालच्या जून महिन्यात बासाक नदीलगतच्या साम्बोक चाप या झोपडवस्तीतून गरीब कुटुंबांना उठवून शहराबाहेर दूर अंतरावरच्या आंदोंग येथे नेऊन सोडण्यात आले, आणि तेथे नळ नव्हता. पुढे बोउंग काक हे शहरातले सरोवर भरून काढण्यासाठी त्याच्या काठची हजारो कुटुंबे हलवली गेली. शहरातल्या गरिबांना नळ मिळाले. पण काही ठिकाणी गरीबच शहराबाहेर गेले. कापड कारखान्यांत काम करणाऱ्या आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलींनाही पाण्यासाठी घरमालक मागेल तो दर द्यावा लागे, कारण मीटर मालकाच्या नावावर असे. शहर वाढत गेले तशी २०१९ च्या आसपास बाहेरच्या भागांत पुन्हा टंचाई जाणवू लागली, आणि नवी शुद्धीकरण केंद्रे उभारावी लागली.

या त्रुटींमुळे झालेल्या कामाचे मोल कमी होत नाही. उलट त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. गरिबाला पाणी मिळण्यासाठी आधी पाणीपुरवठा करणारी संस्था प्रामाणिक आणि स्वतःच्या पायावर उभी असावी लागते. तिच्याजवळ पैसा आणि इच्छा दोन्ही असावी लागतात. आणि एवढे असूनही, डोक्यावरच्या छपराचा प्रश्न सुटल्याखेरीज पाण्याचा प्रश्न पुरता सुटत नाही.

आपल्या महाराष्ट्रात कराडजवळच्या मलकापूर या छोट्या गावाने २००९ पासून मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग केला, तेव्हाही हाच अनुभव आला की सतत पाणी येते म्हटल्यावर माणसे साठवण थांबवतात आणि पाणी वाया घालवणेही कमी करतात. आपल्या वसाहतींच्या, गावांच्या सभांमध्ये पाणीपट्टीचा विषय निघतो तेव्हा दर किती वाढला यावरच चर्चा रंगते. ती होत असताना कोणीतरी उठून एवढे विचारावे: ज्यांच्या दारात अजून नळच आलेला नाही, ते आज पाण्यासाठी किती मोजत आहेत? नॉम पेन्हच्या मंडळाने आपल्या सुधारणा त्या प्रश्नापर्यंत नेल्या, म्हणूनच तेथे पाणी गरिबाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले.