आठ आण्यांचं कुत्रं

६ जून १८३२. मुंबईच्या कोटात कुत्री मारत फिरणाऱ्या शिपायांवर पारशांचा जमाव तुटून पडला.

१८१३ च्या नियमाने बेवारशी कुत्री मारायला वर्षातले ठरावीक आठवडे दिले होते. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली. कुत्र्यामागे बक्षीस आठ आणे. त्या आठ आण्यांपायी पाळलेली कुत्रीही दारातून ओढून नेली जाऊ लागली. झरतुष्ट्री धर्मात कुत्र्याला मान आहे. मृतदेहावर त्याची नजर पडावी म्हणून ‘सगदीद’ हा विधी होतो. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. हिंदू-जैन व्यापारीही सामील झाले, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. सरकारने लष्कर बोलावून धरपकड केली, पण पुढे कुत्री शहराबाहेर नेऊन सोडायची सवलतही दिली. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभॉय आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभा राहिला.

बेवारशी कोण, हे सत्तेने ठरवायचं, हा प्रश्न फक्त मुंबईचा नव्हता. कॅनडाच्या उत्तरेत, नुनाविकमध्ये, १९५०-६० च्या दशकांत इनुइटांची स्लेज ओढणारी कुत्री मारली गेली. सरकारने माफी मागितली २०२४ मध्ये.

मुंबईत मारणं १९९४ पर्यंत चाललं. तरी कुत्री हटली नाहीत. कचरा तसाच राहिला की रिकाम्या जागेत शेजारची कुत्री येतात, आणि अन्न मुबलक असल्याने पिल्लं जगतात. म्हणून नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं मूळ जागी सोडायचा मार्ग आला. २००१ मध्ये देशभर तसे नियम झाले.

त्याच वर्षी भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका स्थापन झाली. म्हणजे सरसकट कुत्री मारण्याची वाट या महापालिकेला कधी मोकळी नव्हतीच. निजामपुऱ्यात रात्रपाळी संपवून यंत्रमागावरून घरी निघालेल्या कामगाराला याचं काय? त्याच्यापुढे गल्लीतली टोळी असते, आणि चावल्यावर रेबीज झाला तर तो जवळपास नेहमीच जीव घेतो. पण नसबंदीचं गणितही कडक आहे. एका भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांची नसबंदी थोड्या काळात झाली नाही, तर उरलेली भर काढतात. अर्धवट मोहीम आणि न उचललेला कचरा, दोन्हींची किंमत तो कामगारच मोजतो.

१८३२ मध्ये सरकारने आठ आणे मोजले ते मेलेल्या कुत्र्यांसाठी. आज मोजायची आहेत ती नसबंदी झालेली आणि न झालेली कुत्री, गल्लीगल्लीत, दरवर्षी.