रोपित स्वच्छमंडल आणि मोतीबिंदू

रोपित स्वच्छमंडल आणि मोतीबिंदू : मृत दात्याचे स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक पटल) बसवून दृष्टी परत मिळालेल्या रुग्णास पुढे मोतीबिंदू झाल्यास, त्यावरील शस्त्रक्रियेने मूळ रोपणच निकामी होण्याचा धोका असतो. याचे कारण स्वच्छमंडलाच्या आतील पृष्ठावरील पेशींच्या एकेरी थरात आहे. हा थर पटलातील पाणी सतत बाहेर उपसून ते पारदर्शक राखतो. निरोगी प्रौढात दर चौ. मिमी. सु. २,५०० पेशी असतात. नष्ट झालेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत. रोपित पटलात त्यांची घट अधिक वेगाने होते.

मानवातील पहिले यशस्वी रोपण एडुआर्ट झिर्म (१८६३–१९४४) यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी सध्याच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमाउत्स येथे, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर केले. व्ह. प. फिलाटॉव्ह यांनी १९३० नंतरच्या दशकात ओडेसा येथे मृतांची स्वच्छमंडले वापरण्याची पद्धत रूढ केली. मुंबई राज्याने १९५७ मध्ये स्वच्छमंडलरोपणाचा कायदा केला. मानवी अवयव प्रतिरोपणाचा १९९४ चा केंद्रीय कायदा महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला.

रोपणे टिकू लागली, तसे मोतीबिंदूचे रुग्णही वाढले. वार्धक्य हे एक कारण. परंतु रोपण शरीराने नाकारू नये म्हणून दीर्घकाळ घातले जाणारे स्टेरॉइडाचे थेंबही भिंग गढूळ करतात, ही या उपचारातील विसंगती होय. १९७० नंतरच्या दशकात रोपण, मोतीबिंदू काढणे व कृत्रिम भिंग बसविणे ही कामे एकाच वेळी करण्याची पद्धत प्रचारात आली. तीत दुसरी शस्त्रक्रिया टळते, पण भिंगाची शक्ती अंदाजानेच ठरवावी लागते. रोपणाचे टाके काढून पटलाचा आकार स्थिर झाल्यावर मोतीबिंदू काढल्यास ही गणना पुष्कळच अचूक होते. मात्र जपावे लागते ते पेशींना.

डेव्हिड मॉरिस यांच्या १९६८ मधील सूक्ष्मदर्शकामुळे जिवंत डोळ्यातील या पेशी पाहता येऊ लागल्या, आणि शस्त्रक्रियेची किंमत मोजता आली. सु. १९८० पासून सोडियम हायलुरोनेटासारखे दाट द्रव डोळ्यात भरून त्यांचे रक्षण केले जाऊ लागले. चार्ल्स केलमन यांच्या श्राव्यातीत तरंगांच्या पद्धतीने (१९६७) जखम लहान झाली. तथापि फार कठीण मोतीबिंदूत तरंगांची ऊर्जाच पेशींना बाधते. अशा वेळी हाताने भिंग काढण्याची जुनी रीत अजूनही विचारात घ्यावी लागते, आणि उशिरा येणाऱ्या आपल्याकडील रुग्णांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे.

१९९८ पासून हेरिट मेलेस यांनी केवळ आतील थर बदलण्याच्या पद्धती विकसित केल्या. त्यांत पटलाचा बाह्य आकार फारसा बदलत नसल्याने मोतीबिंदू आधी किंवा त्याच वेळी काढणे सोयीचे ठरते.