जामीनदाराची कुळकथा

मुळशी तालुक्यातल्या घोटावड्यात काय किंवा आणखी कुठल्या गावात काय, घरातला मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात अडकला की रात्रीच दोन प्रश्न उभे राहतात. जामीन कितीचा लागेल, आणि जामीनदार कोण राहणार? सकाळी पुण्याला शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात पोहोचेपर्यंत तिसरी गोष्ट कानावर पडते: 'माणूस मिळतो. सातबारा त्याचाच. पैसे द्या, संध्याकाळपर्यंत पोरगा घरी.' घाबरलेले आईबाप मागचापुढचा विचार करत नाहीत, पैसे मोजून मोकळे होतात.

अशा घरांसाठी हे लिहितो आहे. जामीन करून देणारी एजन्सी कोणती चांगली, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारला तर उत्तर एकच आहे. अशी कायदेशीर एजन्सी भारतात नाही. ती का नाही, हे जामीनदाराच्या कुळात शिरल्यावर कळते.

आज मुळशी म्हणतो तो मुलूख शिवकाळात बारा मावळांतल्या पौड, मुठे अशा खोऱ्यांचा होता. वतनाचा किंवा शेताच्या बांधाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या पंचायतीपुढे, गेला की अग्रवादी (दावा करणारा) आणि पश्चिमवादी (उत्तर देणारा) या दोघांच्याही तकरिरी, म्हणजे म्हणणी, लिहून घेत. त्याआधी दोघांकडून राजीनामा घेतला जाई, म्हणजे जो निवाडा होईल तो मान्य असल्याची कबुली. आणि राजीनाम्याच्या जोडीला यायचा जामीनकतबा. 'हा माणूस निवाड्याप्रमाणे वर्तेल, याला मी जामीन' असे तिसऱ्याने लिहून द्यायचे. हा तिसरा माणूस भाड्याचा असून चालत नसे. तो त्या माणसाला, त्याच्या भावकीला, त्याच्या शिवाराला ओळखणारा असावा लागे.

जामिनाचे प्रकारही तेव्हा वेगवेगळे होते, आणि ते नीट वेगळे ठेवलेले होते. बोलावतील तेव्हा माणसाला आणून उभा करणारा तो हाजीरजामीन. सारा किंवा कर्ज थकले तर भरणारा तो मालजामीन. पुढे कुरापत काढणार नाही, चांगला वागेल, याची हमी देणारा तो फेलजामीन. हे शब्द एकोणिसाव्या शतकातल्या मोल्सवर्थच्या कोशातही सापडतात. माझ्या मते या वर्गवारीत त्या काळाचे शहाणपण आहे. माणूस हजर करणे आणि पैसे भरणे या दोन जबाबदाऱ्या निराळ्या आहेत, हे तेव्हाच्या लोकांना पक्के माहीत होते. आपण नंतर ते विसरलो.

इंग्रजी अमलात 1861 साली फौजदारी प्रक्रियेची पहिली संहिता आली, मग 1872, 1882 आणि 1898 च्या. हाजीरजामीन या संहितांत शिरला, पण आता त्याच्या नावापुढे रकमेचा आकडा आला. आरोपी तारखेला आला नाही तर इतके रुपये सरकारजमा. आकडा आला की तो भरण्याची ऐपतही दाखवावी लागते, आणि खेड्यातल्या माणसाची ऐपत म्हणजे जमीन. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणीची रीतसर पद्धत सुरू झाली. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका कागदावर आले आणि त्याचा सातबारा झाला. मूळचा हा महसुलाचा कागद. कोर्टात मात्र हळूहळू तोच जामीनदाराची ओळख होऊन बसला. माणूस आरोपीला किती ओळखतो, यापेक्षा त्याच्या नावावर किती क्षेत्र आहे, याला वजन आले.

फेलजामीनही मेला नाही. 1898 च्या संहितेतल्या 107 ते 110 या कलमांत तो चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र म्हणून राहिला. त्याचा सर्वांत गाजलेला फटका पुण्यातच बसला. 23 जुलै 1916 ला लोकमान्य टिळकांची साठी साजरी होत होती, लोकांनी एक लाखाची थैली दिली होती, आणि त्याच दिवशी सरकारची नोटीस त्यांच्या हाती पडली. होमरूलच्या भाषणांबद्दल जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची हमी, आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. बॅरिस्टर जिनांनी उच्च न्यायालयात बाजू मांडली आणि 9 नोव्हेंबर 1916 ला तो हुकूम रद्द झाला. टिळकांच्या मागे देश उभा होता, त्यांना जामीनदारांची वाण नव्हती. ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्याकडे तेवढेच जामीनदार मागितले तर काय होईल, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणाला पडला नाही. ही कलमे आजही जिवंत आहेत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती 126 ते 129 झाली, आणि निवडणूक किंवा सण जवळ आला की गावोगावच्या तरुणांना ज्या 'चॅप्टर केस'च्या नोटिसा येतात त्या याच कुळातल्या.

ज्याच्या मागे कोणी नाही त्याचा तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने विचारला 1978 साली. मध्य प्रदेशातला मोतीराम हा गवंडी. न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. मोतीरामचा सख्खा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे खोडून काढले, रक्कम एक हजारावर आणली आणि जामीनदार आपल्याच जिल्ह्याचा हवा हा आग्रह चुकीचा ठरवला. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे पडलेल्या कच्च्या कैद्यांची स्थिती देशापुढे आली. न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटले की ज्याची मुळे गावात रुजलेली आहेत, तो पळणार नसेल, तर त्याला स्वतःच्या मुचलक्यावर सोडावे. मुळे रुजलेली असणे म्हणजे घर, कामधंदा, बायकामुले, गोतावळा. गोतसभा जामीनकतबा घेताना हेच तर पाहत होती.

एजन्सीची कल्पना येते ती अमेरिकेतून. सॅन फ्रान्सिस्कोत 1890 च्या दशकात मॅकडोना बंधूंनी हा धंदा रुजवला. कोर्टाने ठरवलेल्या रकमेच्या साधारण दहा टक्के आरोपीच्या घरच्यांनी एजंटाला द्यायचे, उरलेल्या सगळ्या रकमेची हमी तो कोर्टाला देतो. दिलेले दहा टक्के आरोपी निर्दोष सुटला तरी परत मिळत नाहीत. इलिनॉय, केंटकी अशा काही राज्यांनी हा धंदाच बंद केला. अमेरिकेतल्या नातलगांवर असा प्रसंग आला तर एजंटाचा राज्याचा परवाना, टक्केवारीचा लेखी आकडा आणि गहाण काय ठेवावे लागेल, या तीन गोष्टी आधी विचाराव्यात.

आपल्याकडे हा धंदा कायद्यात बसत नाही, कारण जामीनदाराचे स्वतःचे काही पणाला लागलेले असले तरच तो आरोपीला तारखेला आणतो. आरोपीनेच त्याला आधी भरपाईचे पैसे देऊन ठेवले तर त्याची काळजी संपते. म्हणून असा भरपाईचा करार 1872 च्या करार कायद्याच्या 23 व्या कलमाखाली लोकहिताविरुद्ध आणि म्हणून रद्दबातल मानला जातो. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभा राहणारा माणूस म्हणूनच पावती देत नाही. त्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावाचा निघतो, रेशनकार्ड बनावट निघते. पुणे पोलिसांनी अशा टोळ्या पकडलेल्या आहेत, आणि खोट्या कागदावर सुटलेला आरोपीही मग नव्या अडचणीत सापडतो. एकच माणूस किती जणांना जामीन राहिला आहे, हे त्याने लिहून द्यावे, असे बंधन फौजदारी प्रक्रिया संहितेत 2005 च्या दुरुस्तीने आले ते याच लोकांना आवरण्यासाठी.

खर्चाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज रकमेचा आहे. पंचवीस हजारांचा जामीन म्हणजे पंचवीस हजार भरायचे नसतात. ती हमी आहे. आरोपी गैरहजर राहिला आणि कोर्टाने बंधपत्र जप्त केले तरच ती वसूल होते. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. कोर्टाने ऐपतीचा दाखला मागितलाच तर तो तहसील कार्यालयातून मिळतो, मुळशीकरांसाठी ते पौडला आहे. खरा खर्च वकिलाच्या फीचा, आणि ती आधी ठरवून घ्यावी.

जामीनदार नसेल तर काय? जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असे कायदा धरतो आणि स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगतो. जामीनदाराऐवजी रोख अनामत भरू द्या, असा अर्जही करता येतो. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राला ही सोय नाही. अनामतीची पावती मात्र जपून ठेवावी, खटला संपल्यावर ती रक्कम परत मागता येते. जामीन मंजूर होऊन महिनाभरात बंधपत्र दिले गेले नाही तर कोर्टाने आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगितले. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी सुरुवातीला चाळीस हजारांपर्यंत मदत ठरवली होती, आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते. 2024 साली गिरीश गांधी प्रकरणात तेरा खटल्यांत जामीन मिळूनही जामीनदारांअभावी अडकलेल्या माणसाला तेच ते जामीनदार वापरू देताना न्यायालयाने मान्य केले की जामीनदार बहुधा जवळचा नातलग किंवा जुना मित्रच असतो, आणि त्यांचीही संख्या थोडीच असते.

जो जामीन राहतो त्यानेही आपले हक्क ओळखावेत. आरोपीचा भरवसा उरला नाही तर जामीनदार कोर्टाकडे अर्ज करून मोकळा होऊ शकतो. ते न करता गप्प बसला, आरोपी पळाला आणि रक्कम वसूल झाली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. कोर्टाने मनात आणले तर ते रकमेतला काही भाग माफ करू शकते, तेही मागावे लागते.

हिंजवडीत आयटी कंपन्या आल्यापासून मुळशीच्या पट्ट्यात एकेका गुंठ्याला भाव आला आहे. म्हणूनच इथला सातबारा कोर्टाच्या आवारातल्या दलालांच्या नजरेत भरतो. आपला उतारा कोणाच्या हाती सहज देऊ नका, आणि परक्याच्या उताऱ्यावर आपला मुलगा सोडवू नका. मामा, चुलता, शेजारी, कारखान्यातला जुना सोबती यांपैकी जो त्याला ओळखतो, त्याला घेऊन कोर्टात जा. तोही नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागा. तिथे अटकेतल्या माणसाला वकील फुकट मिळतो.